हेन्री फोर्ड आणि हौद्याची गाडी

पुढे दोघातिघांपुरती केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, अशा गाडीला अमेरिकेत पिकअप म्हणतात. आपल्याकडे छोटा हत्ती भाजीवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सर्वांचे जे काम करतो, तेच काम तिथे या गाडीने शंभर वर्षे केले. फरक इतकाच, की तिथे ती धंद्यापुरती उरली नाही. तिच्यावर जीव टाकणाऱ्या शौकिनांचा एक मोठा वर्ग तयार झाला आणि तो वर्ग आज नाराज आहे. त्याला हवी आहे जुन्या घाटाची छोटी पिकअप : दोन दारे, लांब हौदा, हाताने टाकायचे गिअर, जमिनीवर उभे राहून हौद्याच्या तळाला हात पोहोचेल इतकीच उंची आणि बॉनेट उघडल्यावर काय बिघडले ते डोळ्यांना दिसेल असे साधे इंजिन. बाजारात मिळते ती बहुधा चार दारांची, आखूड हौद्याची, आपोआप गिअर बदलणारी आणि संगणक जोडल्याशिवाय आपले दुखणे न सांगणारी.

फोर्ड कंपनीने आपली रेंजर ही छोटी पिकअप २०११ च्या अखेरीस अमेरिकेत बंद केली. २०१९ साली ती त्याच नावाने परतली, पण अंगाने बरीच भरून. २०२१ मध्ये मॅव्हरिक ही धाकटी गाडी आली. तिच्या हौद्याची लांबी साधारण साडेचार फूट, म्हणजे ५४ इंचांच्या आसपास. फोर्डच्याच कारखान्यातून १९२५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पिकअपचा हौदा ५६ इंचांचा होता. दीडदोन इंचांचा हा फरक शौकीन मोठ्या खोचकपणे दाखवतात. ती १९२५ ची गाडी ज्यांच्या हुकमाने निघाली, त्या हेन्री फोर्ड यांनी मात्र जुने की नवे हा झगडा आपल्या हयातीतच, आणि तोही स्वतःच्या मुलाशी, केला होता. आजचे शौकीन ज्या बाजूला उभे आहेत, त्याच बाजूला तेव्हा ते उभे होते. आणि ते हरले होते.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतावर झाला. वडील विल्यम हे आयर्लंडहून आलेले. कष्टाने जमीन कमावलेले शेतकरी. थोरल्या मुलाने नांगर धरावा ही त्यांची साधी अपेक्षा होती. मुलाचे चित्त मात्र घड्याळाच्या चक्रांत. शेतीचा त्याला तिटकारा होता असे म्हणण्यापेक्षा शेतीत वाया जाणाऱ्या घामाचा तिटकारा होता, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. एवढेसे काम, आणि त्याला केवढी ती ओढाताण, हे कोडे त्याने जन्मभर सोडले नाही. १८७६ साली, तो जेमतेम बारा वर्षांचा असताना, आई गेली. त्याच वर्षी वडिलांबरोबर डेट्रॉइटच्या रस्त्याने जाताना समोरून वाफेचे एक अवजड इंजिन स्वतःच्या चाकांवर चालत येताना त्याला दिसले. मळणीयंत्र फिरवण्यासाठी शेतोशेती जाणारे ते इंजिन होते. पुढे घोडे नव्हते. पोरगा गाडीतून उतरला आणि इंजिनवाल्याशी बोलत उभा राहिला. मोटारीच्या इतिहासातील हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो; पण हेन्रीला प्रथम भुरळ घातली ती प्रवासाच्या गाडीने नव्हे, तर शेतकामाच्या गाडीने, याकडे सहसा लक्ष जात नाही.

सोळाव्या वर्षी त्याने डेट्रॉइट गाठले आणि यंत्रशाळांमध्ये उमेदवारी केली. तीनेक वर्षांनी तो परतला तोही शेजाऱ्यांच्या शेतांवर वाफेचे इंजिन चालवण्यासाठी. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी विवाह झाला. मुलगा जमिनीला चिकटून राहावा म्हणून वडिलांनी झाडीची जमीन देऊ केली. हेन्रीने झाडे तोडली, लाकूड विकले आणि १८९१ साली पत्नीसह पुन्हा शहर जवळ केले. एडिसन यांच्या नावाच्या वीज कंपनीत नोकरी मिळाली. दोन वर्षांत ते तिथे मुख्य अभियंता झाले. नोकरी दिवसाची, आणि रात्री घरामागच्या छपरात स्वतःचा उद्योग. ४ जून १८९६ च्या पहाटे सायकलची चार चाके लावलेली त्यांची पहिली गाडी तयार झाली, तेव्हा ती दारातून बाहेर निघेना. मग कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडून तिला रस्ता करून द्यावा लागला. गाडीचे वजन जेमतेम सव्वादोनशे किलो होते. हलकेपणाचा हा ध्यास पुढे कधी सुटला नाही.

त्यांच्या पहिल्या कंपनीची कथा चरित्रांमध्ये दोन ओळींत आटोपते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. १८९९ मध्ये भागीदारांच्या पैशांवर डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी निघाली आणि १९०० च्या जानेवारीत तिची पहिली गाडी रस्त्यावर आली. ती होती माल पोहोचवणारी गाडी. तिच्यात दोष असे, की जड, धिमी, भरवशाची नाही आणि बनवायला महाग. दोन वर्षांच्या आत कंपनी गुंडाळली गेली. दुसऱ्या कंपनीतून भागीदारांशी न पटल्याने फोर्ड स्वतः बाहेर पडले. त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. १६ जून १९०३ रोजी स्थापन झालेली फोर्ड मोटर कंपनी हा तिसरा डाव. माल वाहणारी गाडी मुद्दाम अवजड करायची आणि मग तिचेच ओझे वाहत बसायचे, हा धडा त्यांनी पहिल्या अपयशातून घेतला असावा. कारण नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी छोट्या मालगाडीकडे फारसे लक्ष दिले नाही. ते काम त्यांच्या गिऱ्हाइकांनी केले.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी आली. किंमत ८५० डॉलर्सच्या घरात, चार सिलिंडरांचे वीस अश्वशक्तीचे इंजिन, वजन सुमारे साडेपाचशे किलो. व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरल्याने भाग बारीक असूनही चिवट होते. पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे बसवलेले असल्याने चाके खड्ड्यांतून वरखाली होत, पण सांगाडा पिळवटत नसे. अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते तेव्हा पावसाळ्यात चिखलाचे पाट होत. त्यातून ही उंच, किडकिडीत गाडी बाहेर येई. तिला गिअर दोनच, आणि तेही पायाने बदलायचे. हँडल मारून इंजिन चालू करताना मनगट मोडल्याच्या घटना काही कमी नव्हत्या. पेट्रोलची टाकी आसनाखाली होती आणि इंधन उताराने वाहत इंजिनात जाई. म्हणून टाकी अर्धीअधिक रिकामी असताना मोठा चढ आला, की गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये चढवावी लागे. लोकांनी हे सारे हसत सोसले. कारण गाडी बिघडली तर पाना, पकड आणि तारेचा तुकडा एवढ्या भांडवलावर शेतकरी ती बांधावरच दुरुस्त करू शके.

शेतकऱ्यांनी या गाडीचे काय काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मागचे चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवला, की करवत चाले, पाण्याचा पंप चाले, धान्य दळले जाई. गाडीचा ट्रॅक्टर करून देणारे जोडसाहित्य बाजारात आले. आणि सर्वांत साधी युक्ती म्हणजे मागचे आसन किंवा डिकी काढून टाकायची आणि तिथे फळ्यांची पेटी ठोकायची. रविवारी चर्चला, सोमवारी दुधाचे कॅन, मंगळवारी डुकराची पिल्ले. बाहेरचे छोटे कारखानदार असे तयार हौदे विकू लागले. सांगाडा लांबवून टनभर माल वाहण्याजोगा करणारेही निघाले. पिकअपचा शोध कोणी लावला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर ते नाव नसलेल्या या माणसांकडेच जाते. फोर्ड त्यांच्यापासून दूर नव्हते. ते त्यांच्यातलेच होते. लोकांना विचारण्याविषयीचे आणि घोड्यांविषयीचे एक चटकदार वाक्य त्यांच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्यांच्या हयातीतल्या नोंदींमध्ये त्याला आधार सापडत नाही. शेतकऱ्याला काय हवे ते त्यांना विचारावे लागत नव्हते, कारण ते शेतावर वाढले होते. अडचण सुरू झाली ती शेतकरी बदलला तेव्हा.

दरम्यान कारखान्यात जे घडले ते सर्वविदित आहे. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सांगाडा माणसांपुढून सरकत नेणारी जोडणीची साखळी सुरू झाली आणि साडेबारा तासांचे काम दीड तासावर आले. १९१४ च्या जानेवारीत पाच डॉलर रोजाची घोषणा झाली. जगभर तिचा गाजावाजा झाला. त्या रोजाबरोबर कामगारांच्या घरात डोकावणारे निरीक्षकही आले, हे मात्र कमी बोलले जाते. गाडीची किंमत दर एकदोन वर्षांनी उतरत राहिली. १९१७ साली एक टन माल वाहणारी मॉडेल टीटी आली. सुरुवातीला तिचा नुसता सांगाडा ६०० डॉलरला मिळे, हौदा ज्याचा त्याने बसवून घ्यायचा. त्याच वर्षी फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. आपल्या लहानपणीच्या कोड्याचे उत्तर फोर्ड यांनी स्वतःपुरते दिले होते.

आणि १५ एप्रिल १९२५ रोजी कंपनीने पिकअप हौद्यासह मॉडेल टी रनअबाउट जाहीर केली. किंमत २८१ डॉलर. हौदा पोलादी, ५६ इंच लांब, ४० इंच रुंद. मागचा फाळका उघडमीट करता येणारा. कडेला उभे खांब रोवण्यासाठी चार खोबण्या. मागचे पाटे जास्त ताकदीचे. एवढेच. शेतकऱ्यांनी दहापंधरा वर्षे घरच्या घरी जे केले होते, ते आता कारखान्यातून तयार मिळू लागले. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या खपल्या. आजच्या शौकिनाला या यादीत वावगे काही सापडणार नाही. दोन माणसांची जागा, हाताच्या अंतरावरचा हौदा, दोन गिअर, चार सिलिंडर. जुन्या छोट्या पिकअपचे इतके निखळ रूप पुन्हा झाले नाही.

पण त्याच सुमारास मूळ मोटारीची सद्दी संपत आली होती. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास फोर्ड असत. रस्ते सुधारले, शहरे वाढली, बायका गाडी चालवू लागल्या, आणि हँडल मारणे, ओल्या दिवशी उघड्यावर बसणे, दोनच गिअरांवर कुंथत चढणे नकोसे झाले. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी हप्त्यांवर विक्री, दरवर्षी नवे रूप आणि निरनिराळे रंग यांचा मेळ घातला. फोर्ड यांची गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत होती. शेव्हरोले थोडी महाग, पण तिला तीन गिअर आणि डोळ्यांत भरणारा घाट. फोर्ड यांना हे सारे चोचले वाटत. एक हकिगत अशी सांगितली जाते, की १९१२ च्या सुमारास ते युरोपात गेले असताना त्यांच्या माणसांनी मॉडेल टीची सुधारलेली, अधिक देखणी प्रतिकृती तयार करून ठेवली. परतल्यावर फोर्ड तिच्याभोवती फिरले आणि काही न बोलता दार उचकटून काढले, मग दुसरे, मग काच. पाहणाऱ्यांना उत्तर मिळाले.

एडसेल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. स्वभावाने सौम्य, कलेची उत्तम जाण असलेला. १९१९ पासून तो कंपनीचा अध्यक्ष होता, नावापुरता. नवी गाडी हवी, हे तो वडिलांना वर्षानुवर्षे सांगत राहिला. १९२६ च्या जानेवारीत एडसेलचे नातलग आणि कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कँझलर यांनी सहा पानी टिपण लिहून हेन्री फोर्ड यांच्यापुढे ठेवले. भाषा अत्यंत अदबीची, आशय रोखठोक : मॉडेल टीचे दिवस भरले. त्याच वर्षी कँझलर यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला. वर्षभरातच टिपणातला शब्द न् शब्द खरा ठरला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी साखळीवरून उतरली. एडसेलने ती चालवत कारखान्याबाहेर नेली, शेजारी वडील बसले होते. त्यानंतर कारखाने कित्येक महिने बंद राहिले, हजारो कामगार घरी बसले आणि शेव्हरोलेने पहिला क्रमांक घेतला. डिसेंबरात मॉडेल ए आली. तीन गिअर, चारही चाकांना ब्रेक, इंजिनाची ताकद दुप्पट, रंगांची निवड. रूपावर हात एडसेलचा. तिच्यावर बसवलेली पिकअपही निघाली आणि खपली. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकबाबत मात्र वृद्ध फोर्ड यांनी १९३९ सालच्या गाड्यांपर्यंत मुलाला दाद दिली नाही. स्पर्धकांकडे ते कित्येक वर्षे आधी आले होते.

जुन्याचा हट्ट नेहमीच गोंडस असतो असे नाही, आणि फोर्ड यांच्या बाबतीत तर नव्हेच. विसाव्या शतकात जे जे बिनसले, त्याचे खापर त्यांनी ज्यूंवर फोडले. त्यांच्या मालकीच्या डिअरबॉर्न इंडिपेंडंट या साप्ताहिकातून १९२० पासून जे ज्यूद्वेष्टे लिखाण प्रसिद्ध झाले, ते पुस्तकरूपाने जर्मनीत पोहोचले आणि तिथे त्याला वाचक मिळाले. खटल्यानंतर १९२७ मध्ये फोर्ड यांनी माफीपत्र काढले. तरी १९३८ साली हिटलरच्या सरकारने दिलेला सन्मान त्यांनी नाकारला नाही. २६ मे १९३७ रोजी रूज कारखान्याच्या पादचारी पुलावर कंपनीच्या गुंडांनी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना रक्तबंबाळ केले. संघटनेशी करार झाला तो १९४१ मध्ये, सर्व मोठ्या मोटार कंपन्यांत शेवटी. त्यांच्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हा भाग झाकून ठेवू नये.

उतारवयात ते मागे मागे जात राहिले. डिअरबॉर्नमध्ये ग्रीनफिल्ड व्हिलेज नावाचे जुन्या काळचे अख्खे गाव त्यांनी वसवले. लोहाराची शाळा, जुनी घरे, एडिसन यांची प्रयोगशाळा. खेड्यांना शहरांकडे ढकलणाऱ्या यंत्राच्या कर्त्यानेच खेडे जतन करायला काढले, हा विरोधाभास त्यांना कधी टोचल्याचे दिसत नाही. १९४१ साली त्यांनी त्या काळी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या महात्मा गांधींना आदरपूर्वक पत्र पाठवले. गांधीजींनी उत्तरादाखल आपली स्वाक्षरी असलेला चरखा धाडला. पुष्कळ मैलांचा प्रवास करून तो १९४२ च्या अखेरीस फोर्ड यांच्या हाती पडला आणि त्यांनी तो जपून ठेवला. जो हात यंत्राची गती वाढवण्यात गेला, त्याला त्या चरख्यात काय दिसले असेल? कदाचित तेच, जे बांधावर बसून मॉडेल टी दुरुस्त करणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या गाडीत दिसत होते : स्वतःच्या हाताने चालवावे, मोडले तर स्वतःच सांधावे.

२६ मे १९४३ रोजी एडसेल गेला, पोटाच्या कर्करोगाने, वयाच्या ४९ व्या वर्षी. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा बाप पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, पण स्मृती आणि विवेक दोन्ही साथ सोडू लागले होते. युद्धकाळात इतका मोठा कारखाना ढासळू देणे सरकारलाही परवडणारे नव्हते. एडसेलचा मुलगा हेन्री फोर्ड दुसरा याला नौदलातून परत आणण्यात आले. १९४५ च्या सप्टेंबरात पत्नी क्लारा आणि एडसेलची विधवा एलिनॉर यांच्या निर्धारापुढे म्हाताऱ्याने नमते घेतले आणि नातवाकडे कारभार सोपवला.

छोटी पिकअप पुढे ज्या वाटांनी गेली त्या फोर्ड यांनी पाहिल्या नाहीत. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या मालगाड्यांवर २५ टक्के कर बसवला आणि तो तसाच राहिला. जपानी कंपन्यांनी काही काळ हौदा वेगळा पाठवून, बंदरावर जोडून त्यातून पळवाट काढली. फोर्ड कंपनीने १९७२ साली माझदाकडून बनवून घेतलेली कूरियर विकली, १९८२ मध्ये स्वतःची रेंजर आणली. पुढे इंधन वाचवण्याच्या नियमांनीही उलटाच परिणाम केला. २०१० नंतरच्या दशकात गाडीच्या चौकटीच्या क्षेत्रफळावरून अपेक्षा ठरू लागल्याने मोठ्या गाडीला सवलत आणि छोटीला जाच असे झाले. शौकिनांची मागणी कंपन्यांच्या कानावर जात नाही असे नाही. गिऱ्हाईक प्रत्यक्षात चार दारेच विकत घेते, हे कंपन्यांचे म्हणणे. दोन दारांची मिळतच नाही तर घेणार कशी, हे शौकिनांचे. शेव्हरोलेचे विक्रीचे आकडे पाहून एडसेल वडिलांना जे सांगत असे, ते यातल्या पहिल्या बाजूचे होते.

७ एप्रिल १९४७ रोजी रूज नदीला पूर आला होता. फेअर लेन या फोर्ड यांच्या प्रशस्त निवासाला वीज पुरवणारे केंद्र त्या नदीवरच होते. पाणी चढले, वीज गेली, टेलिफोनही बंद पडला. दिवसा पुराची पाहणी करून आलेले फोर्ड रात्री लवकर झोपले. थोड्या वेळाने त्यांना अस्वस्थ वाटू लागले. मेंदूतील रक्तस्रावाने, मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या जानेवारीत त्यांच्या नातवाच्या कंपनीने एफ मालिकेतील पहिली पिकअप बाजारात आणली. ती मोटारीवर हौदा ठोकून केलेली नव्हती. तिचा सांगाडा मालगाडीसाठीच आखलेला होता, केबिन रुंद होती आणि जाहिरातीत भर होता तो चालकाच्या आरामावर.